दोन इंची सिलिंडर आणि तीन किलोंचं बाळ

१७६३ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात एक यंत्र दुरुस्तीसाठी टेबलावर आलं. खरं तर ते यंत्र नव्हतं, यंत्राची प्रतिकृती होती. खाणीत साठणारं पाणी उपसायला त्या काळी थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन वापरत. ते उभं करायला दोन-तीन मजली इमारत लागे. ते वर्गात आणणं शक्य नव्हतं, म्हणून विद्यार्थ्यांना दाखवायला त्याची छोटी नक्कल करून घेतलेली होती. पितळेचा सिलिंडर, त्यात वर-खाली होणारा दट्ट्या, खाली लहानसा बॉयलर आणि वर तराजूच्या दांडीसारखी हलणारी तुळई. दिसायला सगळं हुबेहूब. अडचण एकच होती, ती नक्कल चालत नव्हती. लंडनच्या एका जाणकार कारागिराकडे पाठवूनही गुण आला नव्हता.

आता ती आली होती जेम्स वॉटकडे. वय २७. विद्यापीठाच्या आवारातच त्याची लहान कार्यशाळा होती. तराजू, होकायंत्रं, मोजमापाची उपकरणं तो बनवायचा आणि दुरुस्त करायचा. प्रतिकृतीचे सुटे भाग त्याने उघडले, साफ केले, नीट बसवले आणि बॉयलरखाली आग पेटवली. यंत्र चाललं. पण दट्ट्याचे चार-दोन फेरे झाले की बंद. बॉयलरमधली वाफच संपून जायची. प्रतिकृतीच्या मानाने बॉयलर पुरेसा मोठा दिसत होता. मग वाफ जात होती कुठे?

या एका प्रश्नातून वाफेच्या इंजिनाचा इतिहास बदलला, हे शाळेच्या पुस्तकातून अनेकांनी वाचलेलं असतं. वॉटला जे कोडं पितळेच्या छोट्या सिलिंडरने घातलं, तेच कोडं आज जगातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात रोज समोर येतं, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

बशीतला चहा

न्यूकोमेनचं इंजिन चालायचं असं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आतच गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. पुढच्या फेऱ्यासाठी पुन्हा वाफ सोडायची. पण सिलिंडर तर नुकताच गार केलेला. त्यामुळे नव्याने आलेली बरीचशी वाफ काम करण्याऐवजी सिलिंडरच्या भिंती तापवण्यातच खर्ची पडायची. सिलिंडर एकदा भरायला त्याच्या आकारमानाच्या कित्येक पट वाफ लागते, हे वॉटने मोजून काढलं.

हा तोटा खाणीवरच्या मोठ्या इंजिनातही होत होता, पण तिथे तो लपून जायचा. छोट्या प्रतिकृतीत लपायला जागा नव्हती. असं का, हे एका साध्या हिशेबाने कळतं.

प्रतिकृतीचा सिलिंडर २ इंच व्यासाचा होता आणि दट्ट्याची हालचाल ६ इंचांची. आता प्रत्येक माप दहापट केलं, म्हणजे २० इंच व्यास आणि ६० इंच उंची घेतली, तर आत मावणारी वाफ दहापट नव्हे, हजारपट होते. पण ज्या भिंतींमधून उष्णता जाते त्यांचं क्षेत्रफळ होतं शंभरपटच. म्हणजे जेवढ्यास तेवढी वाफ धरली, तर छोट्या सिलिंडरला उष्णता गमवायला मोठ्याच्या दहापट भिंत आहे. त्यात प्रतिकृतीचा सिलिंडर पितळेचा होता, मोठ्या इंजिनांचे बहुतेक बिडाचे असत. पितळ हे बिडापेक्षा दुपटीच्या आसपास वेगाने उष्णता वाहून नेतं.

हे शास्त्र आपल्या घरांत सगळ्यांना तोंडपाठ आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नसतं. बंबातलं पाणी तासभर ऊन राहतं, तांब्याभर काढून ठेवलं तर लवकर निवतं. चहा घाईने प्यायचा असला की तो बशीत ओततात. चहा तेवढाच असतो, हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो.

कारागीर हुशार होता, प्रतिकृती अचूक होती आणि नेमकी म्हणूनच ती चालत नव्हती. सिलिंडर, नळ्या, झडपा यांची मापं दहाव्या हिश्शाने लहान करता येतात. उष्णतेचे नियम लहान करता येत नाहीत. वाफेची छोटी इंजिनं छंद म्हणून बनवणारे कारागीर आज जगात अनेक ठिकाणी आहेत. त्यांनाही हे पहिल्याच इंजिनात कळतं. मूळ इंजिनाच्या नळ्या जशाच्या तशा प्रमाणात लहान केल्या तर त्यांतून पुरेसं पाणी वाहत नाही, आणि सिलिंडरभोवती लाकडाचं किंवा दुसरं काही आवरण घातलं नाही तर वाफ वाटेतच विरते.

डॉक्टरांची मदत

वॉटने आधी लाकडाचा सिलिंडर करून पाहिला. ६ इंच व्यास, १२ इंच हालचाल. लाकूड जवसाच्या तेलात मुरवून भाजून घेतलं होतं. लाकडातून उष्णता कमी जाते, हा विचार बरोबर होता, पण वाफेच्या माऱ्यापुढे लाकूड टिकणारं नव्हतं. शिवाय मूळ दुखणं तसंच राहत होतं. सिलिंडर दर फेऱ्याला गार करायचा आणि पुन्हा तापवायचा.

दरम्यान आणखी एका गोष्टीने त्याला चकित केलं. थोडीशी वाफ गार पाण्यात सोडली तर ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीपर्यंत नेते. एवढी उष्णता वाफेत आली कुठून? उत्तर त्याच विद्यापीठातल्या डॉ. जोसेफ ब्लॅक यांच्याकडे होतं. ब्लॅक हे तिथे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते, रुग्णही तपासत आणि रसायनशास्त्रही शिकवत. पाण्याची वाफ होताना ते भरपूर उष्णता आपल्यात सामावून घेतं आणि तापमापीवर ती दिसत नाही, असं ब्लॅक यांनी दाखवलं होतं. यालाच आपण सुप्त उष्णता म्हणतो. वाफेचं पाणी झालं की तीच उष्णता बाहेर पडते.

१७६५ च्या मे महिन्यात वॉटला तोडगा सुचला. वाफ गार करायचीच आहे ना, मग ती दुसऱ्या भांड्यात नेऊन गार करावी. सिलिंडरला हात लावायचा नाही. आत येणाऱ्या वाफेइतकाच तो कायम गरम ठेवायचा.

पितळी पिचकारी

कल्पना सुचणं वेगळं आणि ती धातूत उतरवणं वेगळं. हे तपासून पाहायला वॉटला आतून गुळगुळीत आणि सरळ असा सिलिंडर हवा होता. त्याने एक मोठी पितळी पिचकारी घेतली. मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांमध्ये मेण भरण्यासाठी शरीरशास्त्राचे अभ्यासक अशा पिचकाऱ्या वापरत. व्यास पावणेदोन इंच, लांबी १० इंच. दट्ट्या आत घट्ट बसून सुरळीत सरकेल अशी नळी त्या काळात तयार मिळण्याची ही एक हमखास जागा होती.

पिचकारीची दोन्ही तोंडं त्याने कथील चढवलेल्या पत्र्याच्या झाकणांनी बंद केली आणि दोन्हीकडे वाफेच्या नळ्या जोडल्या. नळ्यांची गुंतागुंत वाचावी म्हणून सिलिंडर चक्क उलटा टांगला. दट्ट्याच्या दांड्यातून लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडलं आणि खालच्या टोकाला झडप बसवली, म्हणजे सुरुवातीला आत जमणारं पाणी निघून जाईल. दांडा न वाकवता, भोक बाजूला न सरकता मधोमध असं छिद्र पाडणं किती कठीण असतं, हे लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारावं.

वाफ गार करण्याचं भांडं म्हणजे पातळ पत्र्याच्या दोन उभ्या नळ्या होत्या. लांबी १० ते १२ इंच आणि व्यास एक-षष्ठांश इंच, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर. पत्रा वळवून इतकी बारीक नळी करायची, सांधा डाखून तो हवाबंद करायचा. त्या दोन नळ्या खाली इंचभर व्यासाच्या पंपाला जोडल्या होत्या आणि सगळं गार पाण्याच्या टाकीत बुडवलेलं. पंपाचा दांडा वर ओढला तसा दट्ट्या जागचा हलला आणि टांगलेलं सुमारे १८ पौंडांचं, म्हणजे ८ किलोंचं वजन त्याने उचललं.

गंमत पाहण्यासारखी आहे. बारीक नळ्यांचा पृष्ठभाग आतल्या जागेच्या मानाने फार मोठा असतो. उष्णता जिथे जाऊ द्यायची नव्हती तिथे हाच गुणधर्म शत्रू होता. जिथे ती झटपट जायला हवी होती तिथे वॉटने तोच कामाला लावला.

लहानाचं मोठं करताना

टेबलावर यश मिळालं, पण पुढची दहा वर्षं कठीण गेली. आता अडचण उलटी होती. छोट्या पिचकारीत दट्ट्या बसवणं सोपं, हातभर रुंदीच्या सिलिंडरमध्ये बसवणं महाकठीण. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवून फट बुजवता येई. वॉटच्या गरम सिलिंडरमध्ये पाणी चालणार नव्हतं. म्हणजे धातूचं काम आधीपेक्षा कितीतरी नेमकं हवं होतं आणि तसं करणारे हात आणि यंत्रं तेव्हा नव्हती. १७६९ मध्ये पेटंट मिळालं. त्याच सुमारास किनील इथे उभारलेल्या १८ इंची सिलिंडरच्या इंजिनातून वाफ गळतच राहिली. या कामाला पैसा पुरवणारे डॉ. जॉन रोबक, हेही मूळचे डॉक्टर, कर्जबाजारी झाले. घर चालवण्यासाठी वॉट जमीन मोजणीची कामं घेऊन रानोमाळ फिरत होता. १७७३ मध्ये तो असाच दूर असताना त्याची पत्नी मार्गारेट बाळंतपणात वारली.

कोंडी फोडली ती जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने. १७७४ मध्ये त्याने तोफा कोरण्याच्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी सिलिंडर कोरण्याचं यंत्र उभं केलं. आधी कोरणीचा दांडा एकाच टोकाला धरलेला असे. त्यामुळे तो ओतकामातल्या वाकडेपणाच्या मागे मागे जाई. विल्किन्सनने दांडा सिलिंडरमधून आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमधली चूक आता एका जुन्या नाण्याच्या जाडीपेक्षा कमी होती. १७७६ मध्ये मॅथ्यू बोल्टन आणि वॉट यांची इंजिनं खाणीवर चालू लागली. वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा, अशी त्यांची फी असे. सिलिंडर गार होऊ दिला नाही, एवढ्यावर हा सगळा व्यवसाय उभा राहिला.

बाळ म्हणजे लहान माणूस नव्हे

आता प्रसूतिगृहात येऊ. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे बालरोगशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. त्याचं एक कारण वॉटच्या सिलिंडरमध्ये आहे.

६० किलोंच्या प्रौढ माणसाची त्वचा सुमारे १.६५ चौरस मीटर असते. ३ किलोंच्या नवजात बाळाची सुमारे ०.२ चौरस मीटर. वजन वीसपट कमी झालं, त्वचा मात्र आठपटच कमी झाली. म्हणजे दर किलो वजनामागे बाळाला उष्णता गमवायला प्रौढाच्या जवळजवळ अडीचपट पृष्ठभाग असतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किलो-सव्वा किलोच्या बाळात हे प्रमाण तिपटीच्याही वर जातं. त्याच्या त्वचेखाली चरबीचं आवरण जवळपास नसतं. हा बाळाचा पितळी सिलिंडर. आणि बॉयलरही लहान. बाळ मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. खांद्यांमध्ये, मानेपाशी साठलेली खास तपकिरी चरबी जाळून ते तापमान सांभाळतं. वेळेआधी आलेल्या बाळाकडे तीही अपुरी असते.

त्यात बाळ जन्मतं ते ओलं. इथे डॉ. ब्लॅक यांची सुप्त उष्णता आड येते. अंगावरचं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर पाण्याचा हिशेब करू. तेवढं पाणी उडायला लागणारी सगळी उष्णता बाळाच्याच अंगातून गेली, तर ३ किलोंच्या बाळाचं तापमान दोन अंश सेल्सिअसने उतरेल. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असायला हवं. ३६ च्या खाली गेलं की ती मध्यम पायरीची आणि ३२ च्या खाली तीव्र स्वरूपाची शीतावस्था मानतात. तापमान उतरलं की बाळ साठवलेली साखर आणि प्राणवायू ऊब करण्यात घालवतं. रक्तातली साखर घसरते, बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही. दूध नाही म्हणून ऊब नाही, ऊब नाही म्हणून दूध ओढण्याचं बळ नाही. छोट्या प्रतिकृतीची वाफ चार फेऱ्यांत संपायची, तसंच हे आहे.

ऊब जाऊच द्यायची नाही

वॉटने बॉयलर मोठा करून प्रश्न सोडवला नाही, सिलिंडर गार होणं थांबवलं. नवजात बाळाच्या बाबतीतही हेच सर्वांत उपयोगी ठरतं. गार झालेलं बाळ नंतर तापवत बसण्यापेक्षा ते गार होऊ न देणं सोपं आणि सुरक्षित.

१९७८-७९ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे इन्क्युबेटर अपुरे पडत होते. डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल अशी ठेवायला सुरुवात केली. हीच 'कांगारू मदर केअर'. बाळाची पुढची बाजू आईच्या अंगाला चिकटते, पाठीवर कापड येतं, डोक्यावर टोपी येते. म्हणजे उष्णता गमावणारा पृष्ठभागच कमी होतो आणि समोर ३७ अंशांची, कधीही वीज न जाणारी ऊब असते. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं ठेवलं गेलं. बाळ स्थिर झाल्यावर सुरुवात करण्याच्या प्रचलित पद्धतीच्या तुलनेत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसातून ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं, हे करायला सांगते.

महाराष्ट्राने हे गावपातळीवर पाहिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच महिलांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबदार ठेवणं, स्तनपान आणि जंतुसंसर्ग वेळीच ओळखून उपचार, हे त्याचे महत्त्वाचे भाग होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. जन्मतःच बाळाला कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावं आणि ओलं कापड लगेच बाजूला काढावं. खोलीतला पंखा बंद ठेवावा. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नसतो, तो खरवडू नये. कमी वजनाच्या बाळाची आंघोळ डॉक्टरांना विचारूनच करावी. डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, म्हणून टोपी विसरू नये. शेक-शेगडीचा धूर आणि गरम पाण्याच्या पिशव्या बाळाजवळ नकोत. धुराने श्वासाचा त्रास होतो आणि नाजूक कातडी भाजते. पण चार दुपटी गुंडाळून उन्हाळ्यात बाळाला उकडवूही नये.

तापमापी हाताशी नसेल तर हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग पावलांना लावून पाहावी. दोन्ही ऊबदार आणि पावलं गुलाबी असली की ठीक. पोट ऊबदार पण पावलं गार लागली, तर बाळ ऊब गमवू लागलं आहे. अशा वेळी हीटर शोधण्याआधी त्याला आईच्या, आई आजारी असेल तर वडिलांच्या किंवा आजीच्या उघड्या छातीशी उभं धरावं, मान एका बाजूला वळवून नाक मोकळं ठेवावं आणि वरून कापड गुंडाळावं. पोटही गार लागत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर तसंच छातीशी धरून लगेच रुग्णालय गाठावं. वाटेत ते छातीपासून दूर करू नये.

वॉटच्या हाती आलेली ती प्रतिकृती आजही ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. संग्रहालयाला ज्यांचं नाव दिलं आहे ते विल्यम हंटर हे त्या काळातले नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ होते.